न लिहिलेला शिरस्ता

प्रजासत्ताक जाहीर व्हायला जेमतेम काही दिवस उरले होते आणि पंतप्रधान नेहरू एका न्यायाधीशावर कमालीचे संतापले होते. हे न्यायाधीश म्हणजे मुंबईचे हरिलाल कानिया. तेव्हा ते फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते आणि २६ जानेवारी १९५० पासून भारताचे पहिले सरन्यायाधीश होणार होते. भांडणाचे कारण दूर मद्रासला होते. तिथल्या उच्च न्यायालयात बशीर अहमद सईद नावाचे अतिरिक्त न्यायाधीश होते आणि त्यांना कायम करण्याचा प्रश्न आला होता. त्यावर कानियांनी जो पवित्रा घेतला, तो नेहरूंना न्यायाधीशाच्या खुर्चीला न शोभणारा वाटला. एक माणूस मुसलमान आहे म्हणून त्याच्या नेमणुकीत खोडा घातला जातोय, असा त्यांचा समज झाला. अशा माणसाला देशाचा पहिला सरन्यायाधीश करावे का, इथपर्यंत त्यांचा विचार गेला आणि त्यांनी सरदार पटेलांना तसे लिहिले.

पटेलांनी नेहमीच्या पद्धतीने प्रकरण थंड केले. बशीर अहमद कायम झाले, कानिया सरन्यायाधीश झाले आणि २८ जानेवारीला संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या दालनात सर्वोच्च न्यायालयाचे रीतसर उद्घाटन पार पडले. पण या न्यायालयाच्या जन्माआधीच दोन गोष्टी ठरून गेल्या होत्या. कोण बसणार याला महत्त्व आहे, हे देशातल्या सर्वोच्च माणसांना कळत होते. आणि ते ठरवायचे ते खासगी पत्रांतून, चार माणसांच्या समजुतीने, हेही ठरले होते.

त्या दिवशी व्यासपीठावर सहा न्यायाधीश होते : कानिया, फझल अली, पतंजली शास्त्री, मेहेरचंद महाजन, बिजनकुमार मुखर्जी आणि सुधीरंजन दास. घटनेने सरन्यायाधीश धरून आठ जागा दिल्या होत्या. घटनेचे १२४ वे कलम काढून पाहिले तर त्यात पात्रता आहे, निवृत्तीचे ६५ हे वय आहे, नेमणूक राष्ट्रपती करतील हे आहे. धर्म, जात, प्रांत, स्त्री-पुरुष यांपैकी कशाचाही उल्लेख त्यात नाही. तरीही या सहा नावांत मुंबई आहे, पाटणा आहे, मद्रास आहे, पंजाब आहे, कलकत्ता दोनदा आहे. आणि एक मुसलमान आहे.

फझल अली सप्टेंबर १९५१ मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात त्यांना परत बोलावून पुन्हा न्यायासनावर बसवले गेले आणि मे १९५२ पर्यंत ते बसले. त्याच वर्षी सप्टेंबरात गुलाम हसन आले. १९५४ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले, तेव्हा दोन-तीन महिन्यांत जाफर इमाम आले. १९५८ मध्ये नागपूरचे मोहम्मद हिदायतुल्ला आले आणि दहा वर्षांनी ते सरन्यायाधीश झाले. ही साखळी योगायोगाने जुळत नाही. कुणीतरी लक्ष ठेवून होते. फाळणी होऊन तीन वर्षेही झाली नव्हती आणि मागे राहिलेल्या कोट्यवधी मुसलमानांना हे न्यायालय आपलेही आहे असे वाटावे, एवढा विचार त्या पिढीने केला. त्याचा ना कुठे ठराव झाला, ना कायदा. फक्त शिरस्ता पडला.

प्रांतांचा शिरस्ता तर इतका मुरला की त्याला कुणी प्रतिनिधित्व म्हणतसुद्धा नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे दोन-तीन तरी न्यायमूर्ती दिल्लीत असायचेच, कलकत्त्याचे असायचेच, मद्रासचे असायचेच. मुंबईचा न्यायाधीश निवृत्त झाला की मुंबईच्या बारमध्ये चर्चा सुरू व्हायची की आता इथून कोण जाणार. गुणवत्ता ढासळेल अशी चिंता तेव्हा फारशी कुणाला वाटली नाही. ज्यांना वाटली त्यांत मोतीलाल सेटलवाड होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ मध्ये आपल्या चौदाव्या अहवालात स्पष्ट नाराजी नोंदवली की न्यायाधीश निवडताना प्रांत आणि जमात यांचा विचार होतो आणि त्यामुळे उत्तमात उत्तम माणूस येतोच असे नाही. सेटलवाडांशी मतभेद असू शकतो, पण त्यांचा आक्षेप निदान सर्वांना सारखा होता. प्रांताचा वाटा चालेल आणि जातीचा काढला की गुणवत्ता आठवेल, असे त्यांचे नव्हते. ते पुढच्यांनी केले.

त्याच वर्षी न्यायालय टिळक मार्गावरच्या स्वतःच्या इमारतीत गेले. न्यायाधीशांची संख्या वाढत गेली : १९५६ मध्ये ११, १९६० मध्ये १४, १९७७ मध्ये १८. खुर्च्या वाढल्या, बसणारे फारसे बदलले नाहीत. केंटकी विद्यापीठातले जॉर्ज गॅडबॉइस नावाचे अमेरिकन प्राध्यापक भारतात येऊन साठाहून अधिक न्यायाधीशांना भेटले आणि १९५० ते १९८९ या काळातल्या प्रत्येक न्यायाधीशाचे चरित्र त्यांनी लिहिले. त्या पुस्तकातून जे चित्र उभे राहते ते आपल्याला ओळखीचे आहे : उच्चवर्णीय हिंदू, त्यात ब्राह्मण भरपूर, घरची परिस्थिती बरी, बऱ्याचदा घरात आधीच कुणी वकील किंवा न्यायाधीश. घराण्यांचे प्रतिनिधित्व मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयात कधी कमी पडले नाही. कानियांचे पुतणे सरन्यायाधीश झाले, नटवरलाल भगवतींचे चिरंजीव सरन्यायाधीश झाले, यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव सरन्यायाधीश झाले. हे सारे कर्तबगार होते, यात वाद नाही. पण या पदासाठी लागणारी कर्तबगारी ठरावीक घरांतच का पिकते, हा प्रश्न तीस वर्षे कुणी मोठ्याने विचारला नाही.

डॉ. आंबेडकरांनी ज्या घटनेचा मसुदा केला, त्या घटनेच्या सर्वोच्च न्यायालयात पहिला दलित न्यायाधीश यायला १० डिसेंबर १९८० उजाडला. त्यांचे नाव ए. वरदराजन. ते मद्रास उच्च न्यायालयात १९७३ पासून न्यायाधीश होते. तेव्हा सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड आणि इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री होते पी. शिवशंकर. आंध्र उच्च न्यायालयातली न्यायाधीशाची खुर्ची सोडून राजकारणात आलेला हा मागासवर्गीय माणूस. त्यांच्या हेतूंबद्दल तेव्हा बरेच लिहिले गेले. न्यायाधीशांच्या बदल्यांसंबंधीचे त्यांचे १९८१ चे परिपत्रक न्यायव्यवस्थेवरचे आक्रमण मानले गेले, त्यावर मोठा खटला झाला आणि तो टीकेचा भाग खोटा नव्हता. सरकारला आपल्या सोयीचे न्यायाधीश हवे असतात आणि सामाजिक न्यायाची भाषा त्यासाठी उपयोगी पडते, हे १९७३ मध्ये सरन्यायाधीश नेमताना तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलले गेले तेव्हापासून सर्वांना ठाऊक होते. पण शिवशंकर ज्याकडे बोट दाखवत होते तीही वस्तुस्थितीच होती.

नोव्हेंबर १९८७ मध्ये, कायदा खाते पुन्हा हाती असताना, शिवशंकर हैदराबादला वकिलांपुढे बोलले आणि एकही शब्द राखून ठेवला नाही. सर्वोच्च न्यायालयात वरच्या वर्गातलीच माणसे बसतात, त्यांची सहानुभूती जमीनदारांकडे आणि धनिकांकडे असते, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. दुदा नावाच्या वकिलांनी त्यांच्यावर अवमानाची याचिका दाखल केली. १९८८ मध्ये न्या. सब्यसाची मुखर्जी आणि न्या. रंगनाथन यांनी निकाल दिला की हा अवमान नाही. न्यायालयाच्या रचनेवर टीका करायचा अधिकार नागरिकाला आहे, मग तो मंत्री का असेना. शिवशंकर सुटले. त्यांनी काढलेला प्रश्नही सुटून गेला, कारण त्याचे उत्तर द्यायची गरज आता कुणालाच उरली नव्हती.

वरदराजन ऑगस्ट १९८५ मध्ये निवृत्त झाले आणि ऑक्टोबरात कलकत्त्याचे बी. सी. राय आले. मधे अडीच महिने. म्हणजे दलितांसाठीही आता एक खुर्ची ठरली होती, जशी मुसलमानांसाठी १९५० मध्ये ठरली तशीच, कुठेही न लिहिता.

आणि मग ६ ऑक्टोबर १९८९ उजाडला. त्या एका दिवशी जे शपथविधी झाले त्यांत चार नावे डोळ्यांत भरतात. आंध्रचे के. रामस्वामी, सर्वोच्च न्यायालयातले तिसरे दलित न्यायाधीश. मुंबईचे पी. बी. सावंत, पुढे मंडल खटल्याच्या नऊ जणांच्या घटनापीठावर बसलेले. पंजाबचे एम. एम. पुंछी, पुढे सरन्यायाधीश झालेले. आणि केरळच्या एम. फातिमा बीवी, सर्वोच्च न्यायालयातली पहिली स्त्री. पुढच्याच महिन्यात लोकसभेची निवडणूक झाली. नेमणुकांशी तिचा संबंध जोडायचा की नाही, ते वाचकाने ठरवावे. तेव्हा नेमणुकांत सरकारचाच शब्द शेवटचा होता.

फातिमा बीवींची वाट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. स्त्रियांना वकिली करता यावी असा कायदाच मुळी १९२३ मध्ये झाला. आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन बसल्या होत्या. त्यांना कोर्टात रीतसर उभे राहायला तीस वर्षे थांबावे लागले. त्रावणकोरने मात्र १९३७ मध्ये अॅना चांडी यांना मुन्सफ नेमले. पत्तनमतिट्टाच्या मीरा साहिबांनी ते पाहिले आणि आपल्या मुलीने विज्ञान सोडून कायदा शिकावा असा हट्ट धरला. ही मुलगी १९५० मध्ये सनद घेऊन कोल्लमच्या कोर्टात उभी राहिली. १९५८ मध्ये मुन्सफ झाली आणि तिथून एकेक पायरी चढत १९८३ मध्ये केरळ उच्च न्यायालयात पोचली. २९ एप्रिल १९८९ ला ६२ वर्षे पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे घरी गेली. पाच महिन्यांनी तिला सर्वोच्च न्यायालयात बोलावले गेले. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री आली ती निवृत्तीनंतर, आणि ६५ वर्षांच्या नियमाप्रमाणे १९९२ मध्ये पुन्हा निवृत्त झाली. अडीच वर्षे. खालच्या न्यायालयापासून चढत आलेल्या माणसाला वर पोचेपर्यंत वयच उरत नाही, हे गणित इथे पहिल्यांदा लख्ख दिसते. जे चाळिशीत थेट वकिलीतून उच्च न्यायालयात बसतात त्यांनाच हे गणित मानवते. आणि चाळिशीत तिथे बसायला मोठी वकिली लागते, मोठ्या वकिलीला मोठे चेंबर लागते, आणि चेंबरात शिरायला ओळख लागते.

फातिमा बीवींनंतर दुसरी स्त्री आली मुंबईहून. सुजाता मनोहर १९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या होत्या आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. मधली अडीच वर्षे न्यायालयात एकही स्त्री नव्हती.

याच मधल्या काळात पत्ते नव्याने वाटले गेले. ६ ऑक्टोबर १९९३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी न्यायाधीश नेमण्याचा निर्णायक अधिकार सरकारकडून काढून सरन्यायाधीश आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे आणला. न्यायवृंद नावाची पद्धत इथे जन्मली. त्या नऊ जणांत न्या. रत्नवेल पांडियन होते. त्यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात दुर्बल घटकांना आणि स्त्रियांना उच्च न्यायालयांत किती थोडी जागा मिळाली आहे, हे आवर्जून मांडले. बाकीच्यांचे लक्ष सरकारला दूर ठेवण्यावर होते. ते साधलेही. पण त्या दिवसापासून न्यायालय कसे दिसते याची जबाबदारी सर्वस्वी न्यायाधीशांची झाली. आता बोट दाखवायला मंत्री उरला नव्हता.

पुढच्या प्रकरणाचा नायक राष्ट्रपती भवनात आहे. १३ जुलै १९९७ ला न्या. रामस्वामी निवृत्त झाले आणि सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायाधीश राहिला नाही. त्यानंतर बाराव्या दिवशी के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले, या पदावरचे पहिले दलित. केरळच्या उझवूर गावातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपर्यंत गेलेला हा माणूस सही करण्याआधी फाइल वाचत असे, आणि दिल्लीतल्या अनेकांना त्याचा त्रास होत असे. सरन्यायाधीश आनंद यांच्या काळात न्यायाधीशांच्या नावांची फाइल त्यांच्याकडे आली. त्यांनी तीवर शेरा लिहिला. अनुसूचित जाती-जमाती देशाच्या लोकसंख्येच्या पंचवीस टक्के आहेत. त्यांच्यातल्या आणि स्त्रियांमधल्या योग्य व्यक्तींचा विचार व्हावा, हे घटनेच्या तत्त्वांशी सुसंगत ठरेल. अशा व्यक्ती उपलब्ध आहेत आणि त्यांची अनुपस्थिती समर्थनीय नाही. असा त्याचा आशय होता. त्यांनी राखीव जागा मागितल्या नव्हत्या, कुणाचे नाव सुचवले नव्हते, आलेली नावे अडवलीही नव्हती.

१९९९ च्या सुरुवातीला ही गोष्ट वर्तमानपत्रांत फुटली आणि गदारोळ झाला. न्यायाधीशांच्या निवडीत निकष एकच, गुणवत्तेचा, अशी भूमिका न्यायालयाच्या बाजूने मांडली गेली. अग्रलेखांतून राष्ट्रपतींना शहाणपण शिकवले गेले. मला या वादात सर्वांत बोलके वाटते ते हे, की प्रांतांच्या वाट्यावर त्या वेळी कुणीच बोलले नाही. उच्च न्यायालयांना आपापला वाटा मिळत होता आणि तो गुणवत्तेच्या आड येत नव्हता. आड येत होता तो फक्त राष्ट्रपतींचा शेरा.

शेऱ्याने मात्र आपले काम केले. ८ जून २००० ला के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले. त्यांचे गाव वायकोमजवळ. तिथे १९२४ मध्ये दलितांना आणि इतर अवर्णांना मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला होता. वडील वायकोमच्या मुन्सफ कोर्टात कारकून होते. जानेवारी २००७ मध्ये बालकृष्णन सरन्यायाधीश झाले आणि मे २०१० पर्यंत राहिले, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. इतकी मुदत मोजक्याच सरन्यायाधीशांना मिळाली.

मुदत हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण या न्यायालयात सरन्यायाधीश कोण होणार हे ठरते ते शपथेच्या क्रमाने. जो आधी आला तो ज्येष्ठ, आणि ज्येष्ठ असताना जो ६५ चा झाला नाही तो सरन्यायाधीश. २८ जानेवारी २००० ला, न्यायालयाच्या सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी, तिघांचे शपथविधी झाले. त्यांत वाय. के. सभरवाल आणि कलकत्त्याच्या रूमा पाल होत्या. ज्येष्ठतेत सभरवाल वर राहिले. नोव्हेंबर २००५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. रूमा पाल जून २००६ मध्ये निवृत्त झाल्या. त्या सकाळी क्रम उलटा लागला असता तर भारताला पहिली स्त्री सरन्यायाधीश २००५ मध्येच मिळाली असती आणि सभरवालांची संधीही गेली नसती. पुढे २०११ मध्ये तारकुंडे स्मृती व्याख्यान देताना रूमा पाल म्हणाल्या की न्यायाधीशांची निवड कशी होते हे या देशातले सर्वांत चांगले राखलेले गुपित आहे. त्या स्वतः न्यायवृंदात बसून आल्या होत्या, म्हणून त्या बोलण्याला वजन होते.

रूमा पाल गेल्या आणि जवळजवळ चार वर्षे न्यायालयात स्त्री नव्हती. बालकृष्णन गेले आणि नऊ वर्षे दलित नव्हता. २०१६ च्या उत्तरार्धात काही महिने मुसलमानही नव्हता. १९५० मध्ये ज्या खुर्चीवर इतके बारीक लक्ष होते, तीही रिकामी राहू शकते हे तेव्हा कळले. शिरस्ता असाच असतो. तो सांभाळणारा माणूस असेपर्यंत तो असतो. आदिवासींच्या बाबतीत तर शिरस्ता पडलाच नाही. नागालँडचे एच. के. सेमा २००२ ते २००८ होते, एवढीच नोंद.

मधे एक प्रयत्न संसदेने केला. २०१४ च्या ९९ व्या घटनादुरुस्तीने न्यायाधीश निवडायला सहा जणांचा राष्ट्रीय आयोग आणला. त्यात दोन मान्यवर व्यक्ती असणार होत्या आणि त्यांतली एक अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा स्त्रिया यांच्यातली असायला हवी होती. निवडणाऱ्यांतच प्रतिनिधित्व हवे, ही गोष्ट भारतीय घटनेत पहिल्यांदा लिहिली गेली ती इथे. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ही दुरुस्ती रद्द ठरवली. सरकारच्या हाती नकाराधिकार जाईल ही भीती निराधार नव्हती. पण पाण्याबरोबर वाहून गेलेल्या त्या एका ओळीबद्दल हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

आता अमरावती. तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण गवई हे रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव. म्हणजे राजकीय घर होते, पण वकिलीतली पिढीजात गादी नव्हती. १९८५ मध्ये वकिली सुरू केली, मुंबईत आणि मग नागपूर खंडपीठापुढे. २००३ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. मे २०१९ मध्ये न्यायवृंदाने त्यांची शिफारस केली तेव्हा ठरावात एक वाक्य उघडपणे आले : या नेमणुकीने सुमारे दशकभरानंतर अनुसूचित जातीचा न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात येईल. मुंबईतले त्यांच्याहून ज्येष्ठ न्यायाधीश कमी योग्य आहेत असा अर्थ काढू नये, हेही ठरावात लिहिले होते. जी गोष्ट नारायणन यांनी फाइलवर लिहिली म्हणून वीस वर्षांपूर्वी गदारोळ झाला, ती आता न्यायालय स्वतःच्या संकेतस्थळावर छापत होते.

२४ मे २०१९ ला शपथ झाली. त्याच दिवशी न्या. सूर्य कांत यांचीही झाली आणि या वेळी गवई क्रमाने वर होते. म्हणून १४ मे २०२५ ला ते सरन्यायाधीश झाले, या पदावरचे दुसरे दलित आणि पहिले बौद्ध. पुढे २३ नोव्हेंबरला ६५ चे होऊन निवृत्त झाले आणि सूर्य कांत त्या जागी आले. क्रम उलटा असता तर गवईंना हे पद मिळाले नसते. प्रतिनिधित्वाचा विचार झाला नसता तर आपण दोनेक वर्षे उशिरा इथे आलो असतो, असे गवईंनी जाहीर भाषणात मोकळेपणाने सांगितले आहे. त्या हिशेबानेही सरन्यायाधीशपद हुकलेच असते. जानेवारी २०२४ मध्ये न्यायवृंदाने प्रसन्न वराळे यांची शिफारस केली, तेव्हा ते देशातले अनुसूचित जातीचे एकमेव मुख्य न्यायमूर्ती आहेत याची दखल पुन्हा लेखी घेतली. वराळे औरंगाबादला कायदा शिकले आणि त्यांचे आजोबा डॉ. आंबेडकरांचे सहकारी होते.

अशा न्यायाधीशांनी निकालांत काय फरक पडतो, असे नेहमी विचारले जाते. ज्यांना वाटते की दलित न्यायाधीश दलितांची वकिली करील, त्यांनी १ ऑगस्ट २०२४ चा निकाल वाचावा. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल असे सहा विरुद्ध एक मतांनी ठरले, आणि अनुसूचित जातींतल्या पुढारलेल्यांना सवलतीतून वगळावे असे सर्वांत ठामपणे लिहिणाऱ्यांत गवई होते. त्यावर दलित समाजातच जोरदार वाद झाला. नोटबंदीच्या खटल्यात २०२३ मध्ये बहुमताचा निकाल गवईंनी लिहिला आणि एकटीने विरोधी मत नोंदवले ते न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी. दुसरीकडे, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून देणारा १९९७ चा विशाखा निकाल ज्या तिघांच्या पीठाने दिला, त्यात सुजाता मनोहर होत्या. न्यायाधीश आपल्या गटाचा प्रवक्ता नसतो. पण एखादी गोष्ट ऐकताना ती कुणाला आयुष्यातून ठाऊक असते आणि कुणाला फक्त कागदावरून, हा फरक राहतोच.

खरा अडसर एक पायरी खाली आहे. सर्वोच्च न्यायालयातले जवळजवळ सगळे न्यायाधीश उच्च न्यायालयांतून येतात. २०१८ पासून उच्च न्यायालयासाठी शिफारस झालेल्यांकडून त्यांची सामाजिक पार्श्वभूमी लिहून घेतली जाते, आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने संसदेत आकडे दिले. नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे २२, जमातींचे १६, इतर मागासवर्गाचे ८९ आणि अल्पसंख्याक ३७. नारायणन यांच्या शेऱ्याला पंचवीस वर्षे उलटल्यानंतरचे हे आकडे आहेत. दहा वर्षांनी दिल्लीत कोण बसणार, हे आजच या यादीने बरेचसे ठरवून टाकले आहे.

स्त्रियांचे चित्र याहून चमत्कारिक. ३१ ऑगस्ट २०२१ ला एका दिवशी नऊ न्यायाधीशांनी शपथ घेतली आणि त्यांत तीन स्त्रिया होत्या. आधीच्या इंदिरा बॅनर्जी धरून चार. फोटो सर्वत्र छापून आला, नवे युग वगैरे म्हटले गेले. चार वर्षांत त्यांतल्या एकेक निवृत्त होत गेल्या आणि २०२५ च्या मध्यावर ३४ जागांच्या न्यायालयात नागरत्ना एकट्या उरल्या. १९५० पासून २०२५ पर्यंत मिळून स्त्रिया झाल्या अकरा.

माझे मत सरळ आहे. न्यायवृंदाने २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये जे दोन ठरावांत लिहिले, ते प्रत्येक ठरावात लिहावे. उच्च न्यायालयासाठी नावे पाठवताना कुणाकुणाचा विचार झाला आणि कुणाचा झाला नाही, तेही लिहावे. राखीव जागांचा वाद त्यानंतर घालता येईल. पंचाहत्तर वर्षे मनात ठेवलेल्या गोष्टींनी किती काम होते ते आपण पाहिले आहे.

फातिमा बीवींनी शपथ घेतली तेव्हा सरन्यायाधीश होते ई. एस. वेंकटरामय्या. नागरत्ना या त्यांच्या कन्या. ज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला तर २४ सप्टेंबर २०२७ ला त्या भारताच्या पहिल्या स्त्री सरन्यायाधीश होतील. २९ ऑक्टोबर हा त्यांचा शेवटचा दिवस असेल. एकूण मुदत ३६ दिवस.